मागचं दार

मागच्या दाराची रुंदी तीन फूट दोन इंच भरली. बाईंच्या नवऱ्याने टेप दोनदा लावून पाहिली, आकडा वहीत लिहिला आणि समाधानाने मान हलवली.

विकायला काढलेलं ते घर बाईंना पाहताक्षणीच आवडलं होतं. भिंती कोरड्या, खिडक्या मोठ्या, आणि पुढचं दार उघडलं की समोर शाळेचं फाटक. त्याच शाळेत बाई चौदा वर्षं शिकवत होत्या, आणि घोडं अडलं होतं ते तिथेच. नियम सरळ होता. घराचं मुख्य दार ज्या रस्त्याला, त्या रस्त्याच्या शाळेत मुलांना प्रवेश. पुढच्या रस्त्याला बाईंची शाळा. छप्पर गळकं, एकेका खोलीत दोन-दोन इयत्ता कोंबलेल्या. मागच्या रस्त्याला वरची शाळा. तिथे वाचनालय होतं, प्रयोगशाळा होती, प्रत्येक वर्गाला आपला स्वतंत्र शिक्षक होता. बाईंची मुलगी यंदा पहिलीत जायची होती.

पुढचं दार बंद करून मागचं मुख्य करायचं, ही युक्ती नवऱ्याची नव्हती. बाईंची होती.

"इथे पक्कं दार बसलं आणि त्यावर आपली पाटी लागली, की झालं," नवरा हळूच म्हणाला.

"आधी आजोबांना विचारून घे एकदा."

घरमालक म्हणजे एक म्हातारे सुतार. सगळी गल्ली त्यांना आजोबाच म्हणायची. ते नातीला घेऊन मागच्या अंगाला आले. नात बाईंच्याच वर्गातली, चौथीतली. तोंडाला क्षणाची उसंत नाही म्हणून बाईंनीच तिचं नाव टकळी ठेवलं होतं. आत्ता हातात पाण्याचे दोन भरलेले पेले होते, ते सांडू नयेत या नादात तेवढी ती गप्प होती.

"बाई, तुम्ही खरंच इथे राहायला येणार?" पेले दोघांच्या हातात देताच तिने सुरू केलं. "मग तुमची मुलगी आमच्या शाळेत येईल ना? तिला माझा बाक द्या. खिडकीजवळचा आहे, तिथे गळत नाही."

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. सोमवारीच त्यांनी वर्गात म्हण शिकवली होती, खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. अर्थ सांगायला पहिला हात टकळीचाच वर गेला होता, आणि तिने सांगितलेला अर्थ अगदी बरोबर होता.

नवऱ्याने वेळ सावरून नेली. "आजोबा, घर रिकामं करून तुम्ही दोघं जाणार कुठे?"

"लांब नाही. या गल्लीच्याच टोकाला दोन खोल्या पाहिल्यात. आम्हाला पुरे. हिची शाळा तेवढी जवळ राहायला हवी."

"आणि इथे पक्कं दार बसवून पुढचं कायमचं बंद करायचं म्हटलं तर?"

आजोबांनी एकदा त्याच्या हातातल्या टेपकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. चाळीस वर्षं लोकांची दारं बसवलेला माणूस. कोण कुठलं दार कशासाठी बंद करतं, हे त्याला फोड करून सांगावं लागत नाही.

"दोन दिवसांचं काम आहे," ते म्हणाले. "मी तर करायलाही घेतलं होतं. ही दुसरीत होती तेव्हा. म्हटलं, घालू या पोरीला वरच्या शाळेत. दार बनवून झालं होतं. मग बाईंना एक शब्द विचारावा म्हणून गेलो. बाई म्हणाल्या, आजोबा, कुठे नेता पोरीला? तुमच्यासारखे सगळेच मुलं उचलून न्यायला लागले, तर आमची शाळा सुधारायची कधी?"

बाईंना ते वाक्य शब्द न शब्द आठवलं. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. अगदी मनापासून बोलल्या होत्या. फक्त मूल दुसऱ्याचं होतं.

"आजोबा, तेव्हा मी..."

"तुमचं काय चुकलं, बाई? धडाधड वाचते आता. माझं औषधसुद्धा हीच वाचून देते."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. शरमेने त्यांची मान खाली गेली.

आजोबा पडवीत गेले आणि गोणपाटाखालून एक दार ओढत घेऊन आले. जाड फळ्यांचं, चारही कडांना नीट रंधा मारलेला. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक नाव लिहिलेलं होतं. टकळीने टाचा उंचावून ते वाचलं.

"आजोबा, यावर माझं नाव कशाला?"

"तेव्हाचं आहे ते," आजोबा म्हणाले आणि नवऱ्याकडे वळले. "नवं कशाला करता? हेच बसवा. नाहीतरी पडूनच आहे. बाई, जरा त्या बाजूने धरता का?"

बाईंनी पेला खाली ठेवला आणि धरलं. दोघांनी मिळून ते उभं केलं, हळूहळू चौकटीत सरकवलं. ते बरोबर बसलं. कुठे फट राहिली नाही. नवऱ्याने टेप खिशात टाकली.

आजोबांनी वरपासून खालपर्यंत कडेवरून अंगठा फिरवला.

"दोन वर्षं पडून होतं, बाई," ते कौतुकाने म्हणाले, "पण लाकूड जरासुद्धा वाकलं नाही."