रूपहीची खास मुलाखत

ब्रह्मपुत्रेकाठच्या आपल्या गावाच्या बातम्या जुनाली डोले एकटीच फोनवरून द्यायची, आणि गुवाहाटीचं एक मोठं चॅनल त्या बिनदिक्कत उचलायचं. काल पहाटे बांध फुटला तेव्हा तिने लिहिलं, "रूपहीने ओरडून ओरडून सगळ्यांना जागं केलं, म्हणून गाव वाचलं." गावात रूपहीला कोण ओळखत नाही? जास्त काही लिहायची गरजच नव्हती.

तासाभरात चॅनलवर झळकलं, 'रूपही म्हणते, मी फक्त माझं कर्तव्य केलं. पाहा, फक्त आमच्याकडे.'

जुनालीने तिथल्या संपादकाला फोन लावला. "दादा, बातमी माझी आहे. निदान माझं नाव तरी टाका."

"तुझी कसली, भंटी? धाकट्या बहिणीसारखी आहेस म्हणून सांगतो, आमचा माणूस स्वतः रूपहीशी बोललाय. फोनवर चार ओळी खरडून कुणी पत्रकार होत नसतं."

"बरं. मग मीही घेते तिची मुलाखत, आत्ता, लाइव्ह. तुम्हीही बघा."

उरलेल्या बांधावर ताडपत्रीखाली सगळं गाव बसलं होतं. जुनालीने फोन सुरू करून रूपहीच्या तोंडासमोर धरला.



रूपहीने फोन हुंगला, एकदा चाटून पाहिला आणि शिंगं हलवत म्हणाली, "बेंऽऽ."