मामावर गेलाय

"नाक मामाचं, हट्टही मामाचाच!" भाच्याच्या बारशाला बायका म्हणाल्या आणि मामाने ताईला लगेच बाळाचं रक्त तपासून घ्यायला सांगितलं. मामाला स्वतःला हिमोफिलिया होता. जरा खरचटलं तरी रक्त थांबत नसे. आजार आजोळचा, आईकडून आलेला. त्याच्या मामालाही तोच होता. या आजारामुळे त्याचे स्वतःचे कान कधी टोचलेच नव्हते.

भाच्याचा रिपोर्ट चांगला आला. तरीही कान टोचायच्या दिवशी, बाळाला मांडीवर घेण्याआधी, मामाने बर्फ, कापूस, पट्ट्या सगळं शेजारी मांडलं.

"अहो, कान टोचायचेत, ऑपरेशन नाही," सोनार म्हणाला.

तार कानात गेली. रक्ताचा एक थेंब आला आणि तिथेच थांबला. पाठोपाठ बाळाचं रडणंही थांबलं. मामाचं मात्र थांबेना.

ताईने तोच कापूस भावाच्या डोळ्यांना लावला आणि आपल्या लेकाला बजावलं, "रडण्यात तेवढं मामावर जाऊ नकोस हं!"