शेवटचा तुकडा

आयटिसच्या कप्प्यातली शेवटची फाइल उपसून झाली, तरी नवऱ्याची फाइल काही सापडेना. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये ती अकरा वर्षं फायली लावत होती. एक कागद हरवेल तर शप्पथ! आणि आज घरचीच फाइल गायब?

खालून, ओपीडीतल्या सिस्टरचा दुसऱ्यांदा फोन आला. "अहो, तुमचे मिस्टर कधीचे बसलेत. डॉक्टर फाइलसाठी थांबलेत."

इंग्रजी तिला यथातथाच. पण नोकरीला लागली तेव्हा हेडक्लार्कने समजावलं होतं, की आजारांची ही लांबलचक नावं म्हणजे नुसते जोडलेले तुकडे. पुढचा तुकडा अवयवाचा. गॅस्ट्रो म्हणजे पोट, हेपॅटो म्हणजे यकृत. शेवटचा तुकडा दुखण्याचा. आयटिस आलं की सूज, ओमा आलं की बहुतेक गाठ. तेव्हापासून ती शेवटच्या तुकड्यावरूनच कप्पा ठरवायची. दिवसाला दीडशे फायली, पेशंटचं नाव कोण वाचत बसतंय? "मला फक्त शेपूट दाखवा," ती ऐटीत म्हणायची, "घर मी सांगते."

नवऱ्याने महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, "गॅस्ट्रायटिस आहे गं. पित्तच म्हण ना." म्हणजे फाइल आयटिसमध्येच हवी. तिने टेबलाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, पुन्हा तोच कप्पा उपसला. डोकं नुसतं भणभणून गेलं.

"सगळीकडे बघितलंत, ताई?" हेडक्लार्कने विचारलं.

"सगळीकडे."

"खिडकीखालचा कप्पा?"

"तो ओमाचा, साहेब! तिथे कशाला असेल? ह्यांना साधं पित्त झालंय."

 हेडक्लार्क रजिस्टरची पानं उलटत राहिला. तिला त्याचा रागच आला. मग नवऱ्याने पट्ट्याला पाडलेली दोन नवी भोकं तिला आठवली.  ती खिडकीकडे गेली.

फाइल ढिगाच्या मधोमध होती. नाव त्याचंच. खाली आजार: गॅस्ट्रिक ॲडिनोकार्सिनोमा. पुढचा तुकडा तेवढा त्याने खरा सांगितला होता.

पण ही इथे आणली कुणी? तिला काही कळेना. तिने फाइल उलटी केली. मागे तीन आठवड्यांपूर्वीची तारीख होती, कप्प्याचा नंबर होता, आणि त्याखाली तिची स्वतःची सही.