हात पुसायची जागा

मुलाने फर्मानच काढलं होतं, "आईला आता काही आठवत नाही. तिने गॅसला हात लावायचा नाही."

सुनेने स्वयंपाकघर जुन्या पद्धतीने सजवायला घेतलं, तेव्हा आजींनी त्याला खोटं पाडायला कंबर कसली. पिस्ता रंगाची भिंत, काळ्या-पांढऱ्या फरश्या, जाळीचं कपाट. लग्न होऊन आल्या त्या पूर्वीच्या घरातलं सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं.

रंग वाळला, पण ओट्याशेजारी भिंतीवर ओला पंजा उमटला. पुसला, तरी पुन्हा उमटला.

"पाइप गळतोय वाटतं," सून म्हणाली.

"पाइप कसला! त्या घरात माझ्या सासूबाई तिथेच हात पुसायच्या. सांगून सांगून जीभ झिजली माझी." आजींनी तिथे खिळा ठोकून घेतला, टॉवेल अडकवला आणि भिंतीला बजावलं, "आता याला पुसायचं, सासूबाई."

भिंत कोरडी झाली.

"बघ! म्हणे आठवत नाही!" आजींनी ऐटीत गॅस पेटवला.

"आई, मग हा कोणाचा?" सुनेने विचारलं.

टॉवेलाखाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, इवलासा ओला पंजा होता.

आजींनी त्या घरातलं एकेक माणूस आठवून पाहिलं. मुलगा तर ते घर सोडल्यावर झाला. एवढं लहान तिथे कधीच कोणी नव्हतं.

तेवढ्यात कोणीतरी टाचा उंचावून धरावं, तसं टॉवेलाचं टोक खाली ओढलं गेलं.