गंधमुक्तीचा पिक्चर

"साहेब, माझा माणूस तुम्ही मारला. डंपर नुसता वरून गेला."

वच्छलाबाईने हे भर चौकात म्हटलं आणि पोलीस ठाण्याच्या साहेबांसाठी पहिल्या रांगेत खुर्ची सरकवली. आज तिच्या नवऱ्याची, हिलालची गंधमुक्ती, सुतक फिटायचा दिवस. जेवणं उरकली, दिवस मावळला. आता कीर्तन होणार असं धरून लोक टाळ घेऊन आले, तर मंदिराच्या भिंतीवर पांढरा पडदा!

"अक्का, गावातलं एक माणूस काही पाहिलं म्हणत नाही," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "मग अपघातच म्हणावं लागतं. त्यात तो प्यायलेला होता असं ऐकलं."

साहेबांना नदीतून चोरीला जाणारी वाळू दिसली नव्हती, डंपर दिसले नव्हते. मेलेल्याची दारू तेवढी दिसली.

"बसा. पिक्चर पाहा."

पिक्चर इंग्रजी, घोड्यांचा, जुना. हिलालने तरुणपणी अमळनेरच्या टॉकीजात पुन्हा पुन्हा पाहिलेला. वच्छलाबाईने संसारभर तो त्याच्या तोंडून ऐकला. पाहत होती आज पहिल्यांदा. एक टोपीवाला गोरा धुळीच्या रस्त्यात येऊन उभा राही. बोलत नसे, बंदूक काढत नसे. पट्ट्यात अंगठा, भार डाव्या पायावर. गुंड त्याच्याकडे बघत आणि घोडे वळवत. भाषा कोणाला कळत नव्हती, तरी टाळकऱ्यांची नजर त्याच्यावरून हटेना.

वच्छलाबाई पुढे सरकून पाहू लागली. कुठल्या मुलखातला हा गोरा, आणि नक्कल करतोय आपल्या माणसाची!

नदीतून वाळू उपसायला लागले तेव्हा हिलाल असाच गावातल्या रस्त्यात उभा राहायचा. पायजम्याच्या नाडीत अंगठा खोचून. पारावरचे ओरडायचे, "हिलालभाऊ, घोडं कोठे शे?" तोही हसायचा. एक-दोन डंपर खरंच मागे फिरले. मग एक आला. त्याने वेगसुद्धा कमी केला नाही.

पडद्यावर शेवटची झुंज जवळ आली. गोरा एकटा रस्त्यात. दुकानदाराने फळ्या लावल्या, बायांनी पोरं आत ओढली, धडाधड खिडक्या मिटल्या. एकीची मात्र फट राहिली. फटीत एक डोळा.

"नवल, थांबव!"

धुळ्याहून मशीन घेऊन आलेल्या नवलने चित्र थांबवलं. ती उठून पडद्यापाशी गेली. फटीवर बोट ठेवलं. चौकात कोणाच्या तरी हातातला टाळ वाजला आणि घाईने मुठीत दाबला गेला.

साहेब उठू लागले.

"बसा, साहेब. एक माणूस पाहिजे ना तुम्हाला?"

मग ती गावाकडे वळली.

"त्या सकाळे मी धावत वनू, तवय बठ्ठी, एकूणएक दारं बंद व्हती. एक खिडकी तेवढी उघडी व्हती. मी तिकडे पाहिलं आणि ती मिटली."

पडद्यावरचा गोरा अंगठा खोचून तसाच उभा होता.

"पिक्चर पुढे जावाव नही. सांगा. ती खिडकी कोना घरनी शे?"