आठ बोटांवरची रेघ

लताने पुन्हा बोटं ठेवून पाहिली. शिवदासच्या गुडघ्यापासून खालच्या जांभळ्या रेघेपर्यंत चार बसली. सकाळी आठ बसली होती.

त्याच्या घोट्याजवळच्या जखमेतून लाली वर चढत होती. सकाळी डॉक्टर मानसीने लालीच्या कडेवर जांभळ्या मार्करने रेघ ओढली होती. "काका, लाली हिच्या वर गेली तर किडनीची गोळी थांबवावी लागेल. ती गोळी किडनीला सांभाळते, पण जंतूंशी लढायची ताकद दाबून ठेवते. शिवाय जखम उघडून साफ करावी लागेल."

आता साडेपाच वाजले होते. लाली रेघेच्या आतच होती.

लता मरोळला एका कारखान्यात कापड बेतायची. खडूची रेघ अर्धा इंच सरकली तरी तिला कळायचं.

"अहो, रेघ कुणी हलवली?"

"रेघ कशी हलेल? काय पण बोलतेस!" शिवदासचं अंग तापाने फणफणत होतं. दुसरा पाय सारखा हलत होता. सहा वाजताची किडनीची गोळी त्याने आधीच मुठीत घेऊन ठेवली होती.

"सॅनिटायझरची बाटली अर्धी झालीय. डॉक्टर विसरून गेलेला मार्कर तुमच्या उशीखाली आहे."

तो खिडकीबाहेर उतरणारं विमान बघत राहिला. मग म्हणाला, "तुझी किडनी आहे ती. बसवून वर्ष झालं नाही अजून. गोळी बंद केली आणि ती गेली तर? तुझं पोट काय उगाच फाडलं?"

"आणि तुम्ही गेलात तर? ती किडनी काय मला परत शिवून देणारेत?"

तेवढ्यात मानसी घाईत आली. वाकून पाय पाहिला. "ताप आहे, पण लाली आतच आहे. छान! रात्री परत बघू." ती पुढच्या कॉटकडे वळली.

"डॉक्टर, थांबा."

लताने उशीखालून मार्कर काढला. गुडघ्याखाली आठ बोटं मोजली आणि रेघ ओढली. "सकाळी तुमची रेघ इथे होती." दोन रेघांच्या मध्ये चार बोटं लालभडक कातडी होती.

मानसीने तिथे हात टेकवला. शिवदास कळवळला. तिने फोन काढला, "ऑपरेशन थिएटर तयार ठेवा, आत्ताच," आणि मग नर्सकडे वळून, "सिस्टर, सहाची गोळी द्यायची नाही."

शिवदासने मूठ आवळली.

लता कॉटच्या कडेला बसली आणि त्याचं एकेक बोट उघडू लागली. गोळी घामाने विरघळायला लागली होती.