चौथा प्रश्न

"तानिसला या तासापुरतं लायब्ररीत बसवू या," कोवाल्चुक बाई हळूच म्हणाल्या. "तिला उगाच त्रास नको."

मेल्विनाने चष्मा वर सरकवला आणि हातातला कागद पुन्हा वाचला. आठवीच्या वर्गाला आज बेपत्ता झालेल्या आणि मारल्या गेलेल्या आदिवासी बायकांचा धडा होता, आणि वर्गापुढे बोलायला शाळेने तिला बोलावलं होतं. कागदावर तीन फोटो होते. मधला तिच्या मुलीचा. शेरलीन, वय एकोणतीस. 'हमरस्त्यावर अनोळखी गाड्यांना हात दाखवताना शेवटची दिसली.' त्याला सहा वर्षं झाली होती. तानिस ही शेरलीनची मुलगी.

"तिला कशापासून वाचवताय, बाई? तिला सगळं ठाऊकच आहे. ठाऊक नाही ते बाकीच्यांना. आणि तिला विचारलंत का?"

बाईंनी विचारलं नव्हतं. तानिस दारापाशीच उभी होती. "मी बसते," एवढंच म्हणून ती खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली.

कागदाच्या तळाशी चार प्रश्न होते. चौथ्यावर मेल्विनाचं बोट थांबलं. 'हे टाळण्यासाठी या स्त्रियांना काय करता आलं असतं?'

"हा काढा."

बाई ओशाळल्या. "वरूनच छापून आलाय, मावशी. सगळ्या शाळांना हाच कागद आहे. माझ्या हातात नाही हो."

"असू दे. मग तेवढा प्रश्न मी घेते."

घंटा झाली. मुलं आत आली, आणि फळ्यापुढे मेल्विनाला बघून आपापल्या बाकांवर बसली. मेल्विनाने बावीस वर्षं याच शाळेची बस चालवली होती.

"तुम्ही माझ्या बसमध्ये बसला नाहीत," ती म्हणाली, "पण तुमचे आईबाप बसलेत. कुणाचा बाप कुठल्या वळणावर ओकायचा, ते अजून पाठ आहे मला."

वर्ग फिस्सकन हसला. कोवाल्चुक बाई लाल झाल्या. त्याही त्याच बसमधल्या.

मेल्विनाने कागद वर धरला. "ही माझी मुलगी. इथं लिहिलंय, गाड्यांना हात दाखवत होती. दाखवतच होती. शहराला जाणारी बस बंद होऊन तीन महिने झाले होते, माझा ट्रक गॅरेजात पडला होता, आणि हिची साडेदहाला वेल्डिंगची परीक्षा. तो तोंडावर लावायचा मुखवटा असतो ना, तो काखेत मारून निघाली. सकाळचे सव्वासात. लख्ख ऊन पडलं होतं."

तिने चौथा प्रश्न वाचून दाखवला. मुलांच्या माना खाली गेल्या, पेनं चालू लागली. पुढच्या बाकावरच्या ब्रिनने लिहिलं, 'एकटीने जाऊ नये.' मेल्विनाने ते उलट्या बाजूने वाचलं. तिच्या आवाजात फरक पडला नाही.

"जरा पेन खाली ठेवा. तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरचं माणूस त्या रस्त्याने रोज गाडी घेऊन जातं?"

दोन हात वर झाले. मग पाच. मग इकडेतिकडे बघत सगळेच. कोवाल्चुक बाईंचाही हात अर्ध्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला.

"बरं. आता त्या प्रश्नातलं 'या स्त्रियांना' खोडा. तिथं 'आम्हाला' लिहा."

काहींनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी आपल्या टेबलावरचा कागद ओढून घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि खोडलं. मग वर्गभर पेनांची खरखर सुरू झाली.

ब्रिन मात्र लिहीत नव्हती. "आजी, माझे बाबा सातलाच निघतात. तेव्हाही निघत असतील."

"असतील की. विचार त्यांना."

"काय विचारू?"

"रस्त्यात कुणी बाई उभी दिसली, की ते काय करतात, ते विचार. आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नकोस."

ब्रिनने मान डोलावली. मग एकदम मागे वळली.

"तानिस, तुझी आई कशी होती गं?"

कोवाल्चुक बाई पुढे झाल्या. मेल्विनाने त्यांना हातानेच थांबवलं.

तानिस बाकाकडे बघत होती. ती आईबद्दल शाळेत कधी बोलत नसे. घरीसुद्धा नाही. मेल्विनाने आईचा फोटो बाहेर काढला, की उठून दुसऱ्या खोलीत जाई.

"शिट्टी वाजवायची," ती म्हणाली. "दोन बोटं तोंडात घालून. आम्ही नदीच्या पार पलीकडे खेळत असलो तरी ऐकू यायची. म्हणजे जेवायला चला."

"तुला येते?"

तानिसने खांदे उडवले. मग डोक्यावरची टोपी मागे ढकलली आणि दोन बोटं तोंडात घातली. नुसतीच हवा आली. कुणी हसलं नाही. तिने बोटं जरा आत सरकवली, डोळे मिटले आणि पुन्हा फुंकलं.

लांबलचक, धारदार शिट्टी वर्गातून घुमत गेली.

मेल्विना गर्रकन दाराकडे वळली. तिथं कुणी नव्हतं. तरी ती क्षणभर तशीच बघत राहिली, जणू शेरलीनच धावत आत येणार होती.